कल्पना एक नंबर, माणसं कागदी : विज्ञान कादंबरी वाचताना या चुका टाळा

“कल्पना एक नंबर आहे हो, पण पुस्तकात एक माणूस धड नाही.” विज्ञान कादंबरी मध्येच मिटून ठेवणाऱ्या वाचकाचं हे ठरलेलं वाक्य. तक्रार खोटी नसते. ‘फाउंडेशन’ ही विज्ञान कादंबऱ्यांची मालिका पुढे न्यायचं ठरल्यावर तिचा लेखक आयझॅक असिमोव्हने आपलीच जुनी तीन पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली, आणि वाचता वाचता तो अस्वस्थ होत गेला. आता काहीतरी घडेल, मग काहीतरी घडेल म्हणून वाट बघत राहिला. हाती लागले ते नुसते विचार आणि संवाद. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि तरी प्रचंड समुदायाचं भवितव्य गणिताने मांडता येईल, ही त्या पुस्तकांमागची कल्पना १९४२ पासून आजवर वाचकांच्या डोक्यातून उतरलेली नाही.

अशा पुस्तकांचा आनंद घेता येतो, आणि त्यासाठी दोषांकडे काणाडोळा करावा लागत नाही. दोष नक्की कुठे आहे आणि तो मूळ कल्पनेला जाऊन भिडतो का, एवढं तपासायची सवय लागली की बरीच चांगली पुस्तकं हातची जात नाहीत.

नमुन्यादाखल एक पुस्तक घेऊन बसू : फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’, १९५७ सालची. हॉईल म्हणजे केंब्रिजमधले जयंत नारळीकरांचे गुरू, गुरुत्वाकर्षणाच्या हॉईल-नारळीकर सिद्धांतातले हॉईल. (पुढे शेवटही सांगणार आहे. १९५७ च्या पुस्तकाला एवढी मुदत पुरे झाली.)

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत काढलेल्या फोटोंमध्ये एका तरुण खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्यांच्या मधोमध एक काळा डाग दिसतो. महिन्याभरापूर्वीच्या फोटोत तो लहान होता. तिकडे इंग्लंडमध्ये ग्रह आपल्या ठरल्या जागेपासून किंचित सरकलेले आढळतात, आणि केंब्रिजचा ख्रिस किंग्सली गणित करून सांगतो की सूर्यमालेच्या दिशेने काहीतरी जड येतंय. तो असतो वायूचा अवाढव्य ढग. सूर्यापाशी येतो आणि निघून जाण्याऐवजी मुक्काम ठोकतो. आधी पृथ्वी भाजून निघते, मग अंधार आणि गोठवणारी थंडी. कोट्यवधी माणसं मरतात. त्यानंतर कळतं की हा ढग विचार करतो. नवल त्यालाच वाटतं आपलं : ग्रहाच्या टणक पृष्ठभागावर, एवढ्या गुरुत्वाकर्षणात दबून राहूनही कुणाचा मेंदू वाढला कसा?

आता माणूस बघा. किंग्सली हुशार आहे, उद्धट आहे, दर वेळी त्याचंच बरोबर निघतं आणि राजकारणी म्हणजे मठ्ठ यावर त्याची गाढ श्रद्धा आहे. असल्या माणसाच्या सोबतीने अख्खी कादंबरी काढायची?

चूक पहिली : नायक आवडलाच पाहिजे, असं धरून बसणं

शाळेच्या धड्यांपासून आपल्याला प्रश्न आले ते ‘स्वभाववैशिष्ट्ये लिहा’ छापाचे. त्यामुळे पहिल्या वीस पानांत जो जास्त बोलतो त्याला आपण नायक करून टाकतो, आणि त्याच्याशी जमलं नाही की पुस्तकाशीच बिनसतं.

त्याऐवजी असं विचारा : इथे बदलतंय कोण, आणि कुणाबद्दलचं कुतूहल मला पान उलटायला लावतंय? ‘ब्लॅक क्लाउड’मध्ये उत्तर ढग असं येतं. आधी डाग, मग धोका, मग संकट, आणि शेवटी गप्पा मारणारा पाहुणा. एवढी वळणं किंग्सलीच्या वाट्याला आलेली नाहीत. आर्थर सी. क्लार्कच्या ‘राँदेव्हू विथ रामा’त (१९७३) ते स्थान पन्नास किलोमीटर लांबीच्या, चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करणाऱ्या पोकळ नळकांड्याचं आहे. त्याच्या आत उतरणाऱ्या कॅप्टन नॉर्टनचं एक कुटुंब पृथ्वीवर आणि दुसरं मंगळावर आहे, एवढं सांगून क्लार्क मोकळा होतो. कौटुंबिक कादंबरीत याच विषयाने तीन खंड खाल्ले असते! इथे नॉर्टनने आपल्याला आत नेलं, जिना उतरवला, गोलाकार समुद्र दाखवला, की त्याचं काम झालं.

सगळ्यात महागडी चूक : पात्राचा दोष लेखकाच्या नावावर, आणि लेखकाचा पात्राच्या

एडविन अ‍ॅबटच्या ‘फ्लॅटलँड’मध्ये (१८८४) सगळं जग सपाट आहे. पुरुष म्हणजे बहुभुज, बाजू जितक्या जास्त तितका मान मोठा. आणि बायका नुसत्या सरळ रेषा. गोष्ट सांगणारा एक चौकोन आहे आणि त्याला यात काहीच वावगं वाटत नाही. त्या काळीच लेखकावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत खुलासा द्यावा लागला. दोष चौकोनाचा होता, व्हिक्टोरियन इंग्लंडच्या उतरंडीला चिमटा काढण्यासाठी मुद्दाम ठेवलेला. आपल्या समाजातला अन्याय ज्याला दिसत नाही, तोच चौकोन पुढे तिसरी मिती बघून येतो आणि ती कुणाला पटवता येत नाही म्हणून तुरुंगात जाऊन बसतो. त्याचा मठ्ठपणा वगळला तर उरते ती भूमिती.

अर्सुला ले ग्विनच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले थोडे दिवस सोडले तर ना पुरुष असतात ना स्त्री. तिथे गेलेला दूत गेन्ली आय हे समजून घेण्यात वारंवार कमी पडतो. ज्याच्यावर भरवसा टाकायचा त्या एस्त्राव्हेनवरच संशय घेतो. वाचताना त्याचा राग येतो, आणि तो यावा म्हणूनच तो तसा लिहिला आहे. दूत पहिल्या पानापासून शहाणा असता तर पुस्तक प्रवासवर्णन झालं असतं. याच कादंबरीत एक दोष लेखिकेचाही आहे. लिंगभेद नसलेल्या या माणसांना तिने सरसकट पुरुषासारखं संबोधलं. आधी तिने एका निबंधात त्याचं समर्थन केलं, पुढे त्याच निबंधाची फेरतपासणी करताना मत बदललं. एकाच पुस्तकात दोन वेगळी खाती, आणि ती वेगळीच ठेवायला हवीत.

कुणाचा दोष हे ओळखायला एक तपासणी बऱ्यापैकी चालते. त्या पात्राला पुस्तकात कुणी तोडीस तोड उत्तर देतं का? त्याच्या स्वभावाची किंमत त्याला कुठे मोजावी लागते का?

किंग्सलीला ही तपासणी लावली की निकाल दोन तुकड्यांत येतो. पात्राने ठासून मांडलेली मतं लेखकाचीच असतील असं नाही, असा इशारा हॉईलनी प्रस्तावनेत देऊन ठेवलाय. त्यावर विश्वास ठेवायला जड जातं. किंग्सलीशी वाद घालायला येणारा प्रत्येक मंत्री इतका सोयीस्कर बावळट आहे की लेखक कुणाच्या बाजूला उभा आहे ते लपत नाही. शेवटी मात्र चित्र पालटतं. ढग निघून जायच्या बेतात असतो. जाण्याआधी आपलं ज्ञान प्रकाशाच्या खुणांमधून थेट माणसाच्या मेंदूत उतरवायची तयारी दाखवतो. आधी वाइखार्ट हा तरुण शास्त्रज्ञ बसतो आणि मरतो. मग किंग्सली बसतो. नव्या ज्ञानाची आणि डोक्यात आधीपासून पक्क्या बसलेल्या ज्ञानाची टक्कर त्याला सोसत नाही, तोही जातो. एखादा साधा माळी यातून कदाचित वाचला असता, असा विचारही पुस्तकात येतो.

म्हणजे ज्या हुशारीच्या जोरावर हा माणूस पुस्तकभर सगळ्यांना तुच्छ लेखत आला, तीच त्याला नडते. किंग्सली नम्र असता तर हा शेवट एवढा लागला नसता. आवडला नाही म्हणून त्याला चाळीसाव्या पानावर सोडून दिलं, तर हे हाती लागत नाही.

पातळ माणूस चालेल, सोयीचा मूर्ख नको

पात्र पातळ असणं म्हणजे त्याचं घर, त्याचा भूतकाळ, त्याला वांग्याची भाजी आवडते की नाही, हे लेखकाने सांगितलेलं नाही. सोयीचा मूर्ख वेगळा. त्याला जे माहीत असायलाच हवं ते तो नेमक्या वेळी विसरतो, कारण तो विसरला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. पोह्यांत दाणे कमी पडले तर पोहे खाता येतात. एक जरी खवट लागला तरी तोंडाची चव जाते.

याचं कारण सरळ आहे. अशा कादंबरीची कल्पना म्हणजे एक अट असते : असं असतं, तर माणसं काय करतील? त्या प्रश्नात माणसं आलीच. अट नवी आणि माणसं अट विसरून वागणारी, तर सगळं गणितच फसतं. नेमक्या याच ठिकाणी हॉईलचे शास्त्रज्ञ पास होतात. त्यांना स्वभाव बेताचेच दिलेत. रशियन अलेक्झांड्रोव्ह तर तीन-चार शब्दांच्या वर बोलतच नाही. तेवढ्या शब्दांत सगळा विनोद त्याच्याकडे. पण पुरावा समोर आला की ही माणसं मत बदलतात, आकडेमोड तपासून घेतात आणि न पटल्यास तसं तोंडावर सांगतात. कागदी असतील, खोटी नाहीत.

‘काळच तसा होता’

हे वाक्य घाईत वापरू नका. क्लार्कच्या कॅप्टन नॉर्टनच्या मनात एके ठिकाणी विचार येतो, की वजनरहित अवस्थेत बायकांच्या शरीरामुळे पुरुषांचं लक्ष विचलित होतं, तेव्हा काही बायकांना यानावर घेऊच नये. पुस्तक १९७३ चं. ले ग्विनची कादंबरी त्याच्या चार वर्षं आधीची. काळ दोघांचा एकच होता.

ती ओळ खटकली तर खटकली म्हणा आणि पुढे चला. तिची वकिली करायचं कारण नाही, आणि तेवढ्यासाठी रामाचं नळकांडं सोडायचंही नाही. हॉईलकडेही बायका मोजक्याच आहेत. त्यांतली अ‍ॅन हॅल्सी पियानोवर बेथोव्हेनचा ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटा वाजवते, तो ढगाला ऐकवला जातो, आणि ढग म्हणतो, सुरुवातीचा भाग तीस टक्के जास्त वेगाने पुन्हा वाजवा! परक्या बुद्धीची एवढी नेमकी झलक देणारी जागा पुस्तकात दुसरी नाही. लेखकाने या बाईला आणखी दोन प्रसंग दिले असते तर काही बिघडलं नसतं.

सारांश वाचून ‘कळली कल्पना’ म्हणणं

पात्रं कंटाळवाणी आहेत ना, मग कल्पना तेवढी विकिपीडियावर वाचून घेऊ, हा हल्लीचा मधला मार्ग. मी वर चार ओळींत ढगाची गोष्ट सांगितली, तीत तुम्हाला काय मिळालं? बातमी मिळाली. या प्रकारच्या कादंबरीत मजा असते ती उलगडण्यात, पायरीपायरीने.

काळ्या डागाचंच घ्या. तो किती लांब आहे ठाऊक नाही, किती मोठा आहे ठाऊक नाही, वेगही ठाऊक नाही. तरी तो केव्हा येऊन पोचेल ते सांगता येतं. समजा महिन्याभरात त्याचा दिसणारा व्यास पाच टक्क्यांनी वाढला. तर तो साधारण वीस महिन्यांवर आहे. सरळ आपल्याच दिशेने आणि एकाच वेगाने येतोय, एवढं धरलं की पुरे. अंतर जेवढ्या पटीने घटतं तेवढ्याच पटीने व्यास वाढलेला दिसतो, त्यामुळे न कळलेले सगळे आकडे आपोआप गळून पडतात. (आकडे माझे, रीत पुस्तकातली.) भरल्या बैठकीत वाइखार्ट हे मांडतो, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम समजतं की आता तारीख ठरलेली आहे. या प्रसंगात कुणाच्याही स्वभावाची गरज पडत नाही.

त्याहून चढ म्हणजे ढग जिवंत आहे हे कसं लक्षात येतं ते. रेडिओ प्रक्षेपण सुरू केलं की वातावरणाच्या वरच्या थरांतलं आयनीभवन (हवेतल्या कणांवर विद्युतभार चढणं) वाढतं आणि संदेश अडतो. थांबवलं की ते ओसरतं. एकदा झालं तर योगायोग. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर? टेबलाभोवती बसलेली माणसं एकेक पर्याय मोडीत काढत जातात, आणि उरलेला पर्याय कुणालाच मोठ्याने बोलवत नाही. शेवटी अलेक्झांड्रोव्ह बोलतो. त्याचे ते शब्द पुस्तकातच वाचा, इथे छापण्यासारखे नाहीत.

याला जोडूनच आणखी एक चूक होते, ती सगळं एकाच वेगाने वाचण्याची. माणसांच्या कादंबरीत संवाद घाईने वाचले तर नुकसान. इथे उलट, तर्क घाईने वाचला तर नुकसान आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा चाळल्या तरी फारसं बिघडत नाही.

उलट टोकाची चूक : कल्पनेच्या प्रेमात सगळं माफ

विज्ञानकथांचे भक्त ही चूक हटकून करतात. “अहो, ही कल्पनांची कादंबरी आहे, पात्रं काय बघता?” असं म्हटलं की चर्चा संपते. पण पात्रांचे सगळेच दोष कल्पनेच्या बाहेर राहत नाहीत.

हॉईलच्याच दोन जागा शेजारी ठेवून बघा. पहिलीत शास्त्रज्ञ ढगाला विचारतात, तुमच्यातला सगळ्यात पहिला ढग कसा जन्मला? ढग म्हणतो, पहिला असा कुणी होता हेच मला मान्य नाही. ऐकणारे खूश. विश्वाला आरंभ नाही, असं सांगणारा स्थिर-स्थिती सिद्धांत हॉईल यांनी बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने १९४८ मध्ये मांडला होता, आणि ‘बिग बँग’ हे नाव विश्वाला आरंभ आहे म्हणणाऱ्या विरोधी सिद्धांताला १९४९ च्या बीबीसीवरच्या भाषणात त्यांनीच दिलेलं. नारळीकर वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हे कोपरखळी मारणं लगेच कळेल. लेखक ढगाच्या तोंडून स्वतःचं घोडं दामटतोय, हे उघड आहे. तरी कल्पनेला ओरखडा जात नाही. पन्नास कोटींहून जास्त वर्षं जगलेल्या ढगाने असं मानणं शोभून दिसतं.

दुसरी जागा जड आहे. अमेरिका आणि रशिया ढगावर हायड्रोजन बॉम्ब लावलेले अग्निबाण सोडतात. किंग्सलीचा गट ढगाला सावध करतो. ढग ते अग्निबाण परत फिरवतो आणि पृथ्वीवरची शहरं उद्ध्वस्त होतात. मूठभर माणसांनी, कुणालाही न विचारता, सगळ्यांच्या वतीने घेतलेला निर्णय. ‘मानवजातीच्या वतीने बोलायचं कुणी?’ हा प्रश्न ढगाच्या कल्पनेतूनच फुटतो, आणि तो तिच्याइतकाच मोठा आहे. त्याची दुसरी बाजू मांडायला हॉईलनी तगडा माणूस ठेवलेलाच नाही. पंतप्रधानांचा सचिव पार्किन्सन समंजस आहे, पण किंग्सलीला पेचात पकडण्याएवढं बळ लेखक त्याला देत नाही. मंत्री मठ्ठ, म्हणून शास्त्रज्ञांनी केलं ते योग्य, असा निकाल न बोलता लागून जातो. इथे पात्रांचा कच्चेपणा कल्पनेला खातो, आणि पुस्तक आवडत असेल तर हे आधी आपणच म्हणायला हवं. ढगाचं विज्ञान शाबूत राहतं, ढगाचं राजकारण अर्धंच लिहिलेलं राहतं.

मराठीवर आणि अनुवादकावर खापर

“आपल्याकडे विज्ञानकथेला माणसं उभी करणं जमत नाही” असं अधूनमधून ऐकू येतं. नारळीकरांनी आपली पहिली कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नाव बदलून पाठवली होती, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या कथांतली माणसं काही वेळा व्याख्यान दिल्यासारखी बोलतात हे खरं, पण तशी ती हॉईलच्या केंब्रिजला आणि असिमोव्हच्या न्यूयॉर्कलाही बोलत होती. अनुवादित पुस्तकात तर पात्र सपाट वाटलं की पहिला संशय अनुवादकावर. चिनी लेखक लिऊ त्सिशिनच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’मधल्या वांग मियाओला बायको-मुलगा आहेत आणि ते पहिल्या काही पानांनंतर जवळजवळ गायब होतात. यात अनुवादक काय करणार?

“सिरीज येईल तेव्हा बघू”

वांग मियाओचंच पुढे काय झालं बघा. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये मालिका आणली तेव्हा त्याच्या वाट्याचं काम एकाहून जास्त पात्रांत वाटून दिलं, पुढच्या खंडांतली माणसंही आधीच बोलावून घेतली आणि पाच मित्रांचा एक गट केला. माणसं सुधारली, यात शंका नाही. त्यांची दुखणी, प्रेमं, भांडणं सगळं आलं. तीन सूर्यांच्या जगात ऋतू का सांगता येत नाहीत, हे कादंबरीत संगणकावरच्या एका खेळाच्या एकेका फेरीत आपण वांग मियाओबरोबर चुकत चुकत शिकतो. पडद्यावर त्याला तेवढा वेळ मिळाला नाही. पडदा माणसांना न्याय देतो तो कुठून तरी वेळ उचलूनच. मालिका बघा, पण ती पुस्तकाची दुरुस्त आवृत्ती आहे असं समजू नका.

मग सोडायचं केव्हा?

पात्र आवडत नाही म्हणून सोडू नका. मात्र कल्पनेचा पहिला नियम लेखकानेच मोडला, आणि तो कुणाच्याही लक्षात आला नाही असं पात्रांना वागायला लावलं, की पुस्तक मिटायला हरकत नाही. पन्नास-साठ पानं झाली तरी कल्पना मलपृष्ठावरच्या मजकुराच्या पुढे सरकली नसेल, तरीही. तिथे माणसंही नाहीत आणि कल्पनाही नाही, मग राहायचं कुणासाठी?

‘ब्लॅक क्लाउड’ हातात घेणार असाल तर सुरुवातीची प्रकरणं सावकाश वाचा, पालोमार आणि केंब्रिज दोन्हीकडून एकच उत्तर कसं जवळ येतं ते बघत. गणित आलं की घाबरून उडी मारू नका, कागद-पेन्सिल पुरते. ढग जिवंत असल्याचा तर्क चालतो ते प्रकरण एका बैठकीत संपवा. आणि किंग्सलीचं राजकारण्यांवरचं पहिलं भाषण तेवढं नीट वाचा. पुढची सगळी त्याचीच पुनर्मुद्रणं आहेत.